बटनं कुणाच्या हातात? व्हिडिओ गेममधल्या निवेदनाच्या दृष्टिकोनाची पार्श्वभूमी

गेममधली गोष्ट कुणाच्या नजरेतून सांगायची हा विषय निघाला की बोलणं कॅमेऱ्यावर येतं आणि तिथेच अडकतं. फर्स्ट पर्सन (नायकाच्या डोळ्यांतून) बरं की थर्ड पर्सन (नायक बाहेरून दिसतो असं), एवढ्यावरून गट पडतात. गेमची कथा लिहिणाऱ्यापुढे मात्र तीन प्रश्न असतात. कॅमेरा कुठे उभा करायचा? बोलणार कोण? आणि खेळणारा बटनं दाबेल तेव्हा हलणार कोण? कथा-कादंबरीचं पहिल्या दोन प्रश्नांवर भागतं, तिसरा फक्त गेमला पडतो. २००१ च्या ‘मॅक्स पेन’मध्ये कॅमेरा नायकाच्या पाठीमागे आहे. निवेदन त्याच्याच आवाजात, ‘मी’ म्हणत, कधीच घडून गेलेल्या गोष्टीसारखं चालतं; गोळी मात्र आत्ता, खेळणाऱ्याच्या बोटाने सुटते. अशा मिश्रणाला साहित्याच्या वर्गीकरणात जागा नाही आणि गेममध्ये कुणाला त्याचं नवलही वाटत नाही.

सुरुवात मजकुरापासून झाली. १९७६ मध्ये लिहिलेल्या आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या हाताने वाढवलेल्या ‘कोलॉसल केव्ह ॲडव्हेंचर’मध्ये प्रोग्रॅम खेळणाऱ्याशी ‘तू’ म्हणून बोलतो, आणि मीच तुझे डोळे आणि हात होतो, असंही स्वतःहून सांगतो. म्हणजे गुहेत नेमकं कोण उतरलंय हा घोळ अगदी सुरुवातीच्या गेमपासूनचा. ‘झॉर्क’ने ‘तू’ची पद्धत पक्की केली, १९७८ चा ‘ॲडव्हेंचरलँड’ मात्र ‘मी जंगलात आहे’ असं म्हणायचा. या काळातला सर्वांत धीट प्रयोग १९८३ च्या ‘सस्पेंडेड’चा. त्यात खेळणारा गोठनिद्रेत पडून असतो आणि सहा यंत्रमानवांना हुकूम सोडतो. प्रत्येकाची जाणीव वेगळी. पाहणारा एकच, आणि सुरुवातीला तोच बिघडलेला. बाकीचे ऐकून, चाचपून किंवा कंपनांवरून सांगतील तेवढ्यावर काम भागवायचं. एका खोलीची सहा वर्णनं होतात. दृष्टिकोन हेच ज्याचं कोडं आहे, असा गेम त्यानंतर फार क्वचित झाला.

१९८४ च्या ‘किंग्ज क्वेस्ट’मध्ये नायक पडद्यावर चालताफिरता दिसू लागला, तरी खालचा मजकूर त्या माणसाला ‘तू’च म्हणत राहिला. तेव्हा कुणालाही ते खटकलं नाही. पुढच्या दहा वर्षांत चित्रं सुधारली, दृष्टिकोनाचा विचार फारसा पुढे सरकला नाही. १९९३ मध्ये दोन टोकं एकाच वर्षी दिसली. ‘मिस्ट’मध्ये खेळणाऱ्याला चेहरा नाही, नाव नाही, भूतकाळ नाही. ‘डूम’मध्येही डोळे खेळणाऱ्याचेच, पण पडद्याच्या तळाशी नायकाचा चेहरा ठेवलेला. मार बसला की तो रक्ताळतो. स्वतःच्याच नजरेतून पाहताना स्वतःचंच तोंड समोर दिसावं ही विसंगती लाखोंनी बिनतक्रार स्वीकारली. १९९६ मध्ये ‘टूम रेडर’ आणि ‘सुपर मारिओ ६४’ यांनी कॅमेरा त्रिमितीत नायकाच्या मागे सोडला. मारिओच्या गेमने तर कॅमेराही एका पात्राच्या हाती दिला. ढगावर बसून चित्रण करणारा तो प्राणी आरशाच्या खोलीत चक्क दिसतो.

१९९८ च्या ‘हाफ-लाइफ’पासून कॅमेऱ्याचा निर्णय हा कथेचाही निर्णय ठरला. सुरुवातीच्या लांबलचक रेल्वेप्रवासापासून शेवटापर्यंत हा गेम नायकाचे डोळे सोडत नाही. मध्ये कट-सीन (खेळणं थांबवून दाखवलेलं, सिनेमासारखं दृश्य) नाही, बाहेरून एकही नजर नाही. त्याची किंमत अशी की नायक बोलू शकत नाही. त्याच्या तोंडी शब्द घातले की खेळणारा आणि तो वेगळे होतात. मग आजूबाजूच्या सगळ्या पात्रांना एका मुक्या माणसाशी एकतर्फी बोलत राहावं लागतं. २००४ च्या दुसऱ्या भागात एक पात्र यावरून नायकाची थट्टा करतं, तेव्हा लेखकांनाही हे ओझं जाणवत होतं हे उघड आहे. तरीही पुढची दहाएक वर्षं ‘डोळे सोडायचे नाहीत’ हा नियम जवळजवळ सोवळ्यासारखा पाळला गेला.

२००२ मध्ये ‘मेट्रॉइड प्राइम’ने बाजूने दिसणारी जुनी मालिका हेल्मेटच्या आत नेली, तेव्हा गेम येण्याआधी बरीच कुरकुर झाली. स्फोटाच्या उजेडात काचेवर नायिकेचा चेहरा क्षणभर उमटतो, हे पाहिल्यावर ती शमली. २००५ च्या ‘रेझिडेंट ईव्हिल ४’ने कॅमेरा खांद्याशी आणला, २०१७ चा सातवा भाग फर्स्ट पर्सनमध्ये गेला. ‘सायबरपंक २०७७’ जवळपास सगळा डोळ्यांतून दाखवणार हे कळल्यावर लोक चिडले: चेहरा इतका निगुतीने घडवायला लावता आणि तो दिसूच देत नाही! तक्रार रास्त होती, तरी २०२० मध्ये गेम आल्यावर बोलणं बिघाडांवरच जास्त झालं.

बोलणार कोण, या दुसऱ्या प्रश्नाचं सर्वांत सुरेख उत्तर २००३ च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’चं. राजपुत्र घडलेली हकीकत कुणाला तरी सांगतोय. खेळणारा चुकून दरीत पडला की तो म्हणतो, नाही नाही, असं झालं नव्हतं. गेममधला मृत्यू निवेदकाची चूक म्हणून कथेत मुरवला जातो. २०११ च्या ‘बॅस्टियन’मध्ये निवेदक खेळणाऱ्याच्या हालचालींवर जागच्या जागी बोलतो. २०१३ च्या ‘स्टॅन्ली पॅरेबल’मध्ये तो खेळणाऱ्याशी भांडतो.

आता तिसरा प्रश्न. इथून पुढे दोन-तीन गेमचं कथानक उघड होतं. ज्यांना ते नको असेल त्यांनी इथेच थांबावं.

नायक मध्येच बदलण्याचं पहिलं मोठं प्रकरण २००१ च्या ‘मेटल गिअर सॉलिड २’चं. पहिल्या भागातला अनुभवी नायक एका प्रकरणानंतर बाजूला होतो आणि खेळणाऱ्याच्या हाती एक नवखा, हळवा तरुण येतो. जाहिरातींनी हे लपवलं होतं. पुढच्या प्रसंगांतही त्यांत जुनाच नायक दाखवला होता. चाहते भडकले. पण बदलाला कारण होतं. जुन्या नायकाला बाहेरून, दुसऱ्याच्या नजरेतून पाहिल्याशिवाय त्याची दंतकथा झालेली दिसली नसती. शिवाय तो नवखा तरुण म्हणजे आधीचा गेम खेळून स्वतःला शूर समजणारा खेळाडूच आहे, हे शेवटाकडे स्पष्ट होतं. ते समजायला लोकांना बरीच वर्षं लागली.

‘द लास्ट ऑफ अस’वरचा वाद याहून कितीतरी मोठा, आणि तो २०१३ च्या पहिल्या भागापासून समजून घ्यावा लागतो. तिथे खेळणारा बहुतेक वेळ जोएल असतो, एली या मुलीला सोबत नेणारा. शेवटी, इस्पितळात एलीला वाचवताना तो शल्यविशारदावर हल्ला करतो. हा प्रसंग कट-सीन म्हणून दाखवलेला नाही. खेळणाऱ्याने हल्ला केल्याशिवाय गेम पुढे जात नाही. त्यानंतर अखेरच्या काही मिनिटांसाठी बटनं एलीकडे जातात. इस्पितळात काय झालं याबद्दल जोएल तिच्याशी खोटं बोलतो आणि ते खोटं खेळणारा एली म्हणून ऐकतो. दृष्टिकोन इतक्या हलक्या हाताने सरकला की फार थोड्यांनी त्याची दखल घेतली.

१९ जून २०२० रोजी आलेल्या दुसऱ्या भागात तेच तंत्र उघड्यावर आलं. सुरुवातीलाच खेळणारा काही काळ ॲबी या अनोळखी मुलीला चालवतो, बर्फातून पळवतो, जोएलकरवी वाचवतो. मग तीच जोएलला मारते. पुढे एली म्हणून सिॲटलमध्ये सूडाचे तीन दिवस. एका थिएटरमध्ये दोघी समोरासमोर येतात आणि ऐन त्या क्षणी गेम गोष्ट तोडून मागे जातो. तेच तीन दिवस पुन्हा, आता ॲबी म्हणून. तो शल्यविशारद तिचा बाप होता. तिची शस्त्रं वेगळी, तिची कौशल्यं पुन्हा पहिल्यापासून वाढवायची. एली असताना मारलेल्या कुत्रीबरोबर ॲबी म्हणून चेंडू खेळायचा. या सगळ्यातून गेल्यावर थिएटरमधल्या मारामारीत बटनं ॲबीकडेच राहतात आणि समोर सापळे लावत, लपतछपत एली येते. वापरते खेळणाऱ्यानेच आत्मसात केलेल्या युक्त्या.

एप्रिलमध्येच कथानकाचे तुकडे फुटले होते, त्यामुळे राग गेम येण्याआधीच तयार होता. पहिल्याच दिवसांत खेळणाऱ्यांकडून शून्य गुणांचा पाऊस पडला. ॲबीला आवाज देणाऱ्या अभिनेत्रीला धमक्या आल्या, ज्याला कुठलंच समर्थन नाही. इथेही जाहिरातीत एका प्रसंगात दुसऱ्या पात्राच्या जागी जोएलला दाखवलं होतं, म्हणजे २००१ चीच युक्ती. फसवल्याची भावना निदान त्या बाबतीत खोटी म्हणता येत नाही.

आरडाओरडा बाजूला ठेवला तर आक्षेप दोन उरतात. पहिला असा की गेम नकार देऊ देत नाही आणि तरी अपराधी वाटायला लावतो. बटन दाबायला भाग पाडून मग ‘हे तू केलंस’ म्हणणं ही लबाडी आहे. हा आक्षेप वाटतो तितका भक्कम नाही. जोएलच्या वेळी हीच सक्ती होती आणि तेव्हा फारच थोडे तक्रार करत होते, कारण जोएल आपला वाटत होता. सक्ती खटकली ती परक्या शरीरात बसवल्यावर. दुसरा आक्षेप रचनेचा: गोष्ट शिगेला पोचलेली असताना तोडून, खेळायला दहा-बारा तास लागतील इतकं मागे नेल्यावर ओढ टिकत नाही. यात तथ्य आहे. ॲबीचा पहिला दिवस रेंगाळतो, आणि ती आपली वाटायला लागते ते बरंच उशिरा, पळून आलेल्या दोन भावंडांशी तिची गाठ पडल्यावर.

तरीही हे धाडस गेमखेरीज दुसऱ्या कुठल्या माध्यमात इतक्या ताकदीने जमलं असतं असं वाटत नाही. वाचक शत्रूचं प्रकरण वाचतो, प्रेक्षक शत्रूला पडद्यावर पाहतो. दोघांनाही त्या शत्रूला जिवंत ठेवायची धडपड करावी लागत नाही. खेळणाऱ्याला करावी लागते, तासन्‌तास, त्याच्यासाठी गोळ्या आणि औषधं गोळा करत. २०१७ च्या ‘निअर: ऑटोमेटा’नेही तीच गोष्ट दुसऱ्या पात्राकडून पुन्हा खेळायला लावली होती, पण पहिल्या फेरीत दोघं सोबती होते, तिथे खेळणाऱ्याला कुणाची बाजू सोडावी लागली नाही.

गोष्ट मध्येच तोडून बटनं ॲबीकडे देण्याच्या या निर्णयाला २०२५ मध्ये शेपूट फुटलं. गेमच्या सुधारित आवृत्तीत प्रसंग काळाच्या क्रमाने खेळण्याची सोय आली. एलीचे आणि ॲबीचे दिवस आता एकमेकींत मिसळून येतात, ती मधली मोठी तोड राहत नाही. रचनेच्या आक्षेपाला हे उशिराचं उत्तर म्हणता येईल, मात्र त्यात गमावलंही बरंच जातं. शत्रूचं घरदार, तिचे मित्र, तिची कुत्री खेळणाऱ्याला आधीच माहीत झालेली असतात, त्यामुळे एली म्हणून वार करताना तो काय मोडतोय हे त्याला ठाऊक असतं. मूळ क्रमात ते नंतर कळायचं. एवढी मोडतोड करूनही थिएटरमधल्या मारामारीत बटनं एलीकडे देण्याचा पर्याय काही दिलेला नाही.