दुबईचं विमान आलं कुठनं?

आमच्या सांगली जिल्ह्यातल्या विट्याकडं दुबई हा शब्द विमानाच्या आधी सोन्याच्या बिस्किटातनं आला. मामांचं परराज्यात गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं दुकान, सुट्टीला गावी आले की सांगायचे, दहा तोळ्याचं बिस्कीट म्हणजे ११६ ग्रॅमच्या आसपास, दिसायला चॉकलेटएवढं पण हातात घेतलं की मनगट खाली जातं, आणि मुशीत टाकलं की त्यावरचा शिक्का गेला, मग ते कुठनं आलं हे कुणाच्या बापाला कळत नाही. आता त्याच मामांचा पोरगा दुबईला नोकरीला निघालाय, एमिरेट्सचं तिकीट आहे, आणि परवा बॅगा भरताना कुणीतरी म्हटलं की तेलाच्या पैशावर विमान कंपनी काढली आणि शहर मोठं झालं. तेवढं सोपं नाहीये ते.

दुबईत तेल सापडलं १९६६ ला, निर्यात १९६९ पासनं, आणि तेही अबुधाबीच्या मानानं किरकोळच. विमानतळ त्याआधीचा, १९६० चा, आणि धावपट्टी म्हणजे दाबून घट्ट केलेली वाळू. शेजारी शारजात ३० च्या दशकापासनं विमानं उतरत होती तरी दुबईचे शासक शेख राशिद यांना आपला वेगळा विमानतळ पायजेच होता. कारण गाव व्यापाऱ्यांचं, मोत्यांचा धंदा बसल्यावर इकडचा माल तिकडं करण्यावर जगणारं. आपल्याकडं १९६३ मध्ये मोरारजीभाईंनी सोन्यावर निर्बंध आणले, १९६८ ला कायदाच केला, आणि दुबईत युरोपातनं रीतसर आलेलं सोनं गलबतांनी गुपचूप मुंबईकडं यायला लागलं. तिकडं चलनही १९६६ पर्यंत आपला रुपयाच होता. सोन्यापायी आपलं परकीय चलन बाहेर जातंय म्हणून १९५९ ला रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या, हे मला वाचेपर्यंत खरं वाटलं नव्हतं.

आता मूळ मुद्दा. ८० च्या दशकात त्या भागात मोठी कंपनी गल्फ एअर, तिच्यात बहारीन, कतार, ओमान आणि अबुधाबी भागीदार, दुबई नाही. दुबईचं धोरण असं की ज्याला यायचंय त्यानं विमान घेऊन यावं, कुणाला अडवणार नाही. गल्फ एअरला ते नको होतं, त्यांनी दुबईच्या फेऱ्या कमी केल्या. आपल्याकडं डेपोनं गावाची यष्टी बंद केली की लोक निवेदन देतात, तिकडं सरकारनं सरळ स्वतःची गाडी काढली. मार्च १९८५ मध्ये एमिरेट्स कंपनी, भांडवल १ कोटी डॉलर, दोन विमानं पाकिस्तान इंटरनॅशनलकडनं भाड्यानं, आणि २५ ऑक्टोबरला पहिलं उड्डाण कराचीला. मुंबई आणि दिल्लीही पहिल्याच मार्गांत होती, म्हणजे गलबतांचीच जुनी वाट. अटी दोनच, पुन्हा पैसे मागायला यायचं नाही, आणि स्वतःची कंपनी असली तरी बाकीच्यांना दारं बंद करायची नाहीत. मला वाटतं सगळी गोम या दुसऱ्या अटीत आहे, कारण सरकारी कंपनी म्हटलं की आपल्याकडं पहिल्यांदा इतरांना बाहेर ठेवायचा विचार होतो.

त्याच वर्षी दुबईतल्या जेबेल अली बंदराजवळचा फ्री झोन, म्हणजे करसवलतीचा व्यापारी पट्टा, सुरू झाला, ड्युटी फ्री दुकानं १९८३ चीच. पुढचं समजायला मिरज जंक्शन आठवा. एकेकाळी तिथं ब्रॉड, मीटर, नॅरो तिन्ही गेज, उतरणाऱ्यांपेक्षा गाडी बदलणारे जास्त. दुबईचं तसंच, रात्री-पहाटे भारतातनं, आफ्रिकेतनं, युरोपातनं विमानं येतात आणि दोन-तीन तासांत माणसं अदलाबदल होऊन निघून जातात. फरक एवढाच की मिरजेत माणूस चहा पिऊन पुढं जायचा, तिकडं त्याला दुकान, हॉटेल, फिरायला दोन दिवस, शेवटी फ्लॅटसुद्धा विकला. २०१४ ला ऑक्सफर्ड इकॉनॉमिक्सच्या अहवालात आलं की २०१३ मध्ये दुबईच्या जीडीपीत विमान वाहतूक आणि तिच्यामुळं येणाऱ्या पर्यटनाचा वाटा २७ टक्क्यांच्या जवळपास, आणि चार लाखांवर नोकऱ्या. अहवाल कंपनी आणि विमानतळवाल्यांनीच करून घेतलेला, तेव्हा थोडं हातचं राखून वाचायचं, पण निम्मं धरलं तरी आकडा लहान नाही.

आणि पैसे मागायचे नाहीत ही अट २०२० मध्ये मोडलीच. कोविडमध्ये विमानं जमिनीवर, सरकारनं पहिल्याच झटक्यात २ अब्ज डॉलर ओतले. शहराचं पोट ज्याच्यावर, त्याला बुडू कसं देणार.

आमच्या तासगावची द्राक्षं मात्र अजूनही बहुतेक समुद्रानंच जातात, न्हावाशेवाहून थंड कंटेनरमधनं जेबेल अलीला. आणि मामेभावाला ते विमान पकडायला आधी विट्याहून रात्रभर ट्रॅव्हल्सनं मुंबई गाठायचीय, कारण आमच्या जिल्ह्याची कवलापूरची धावपट्टी तशीच पडून आहे.