फ्रान्समधील अमेरिकन पायदळाचे खंदकयुद्ध प्रशिक्षण (१९१७–१८)

पहिल्या महायुद्धात अमेरिका ६ एप्रिल १९१७ रोजी उतरली, तेव्हा तिच्या पायदळाला खंदकयुद्धाचा अनुभव नव्हता. जूनअखेर फ्रान्सच्या सँ-नाझेर बंदरात उतरलेल्या पहिल्या डिव्हिजनमध्येही (डिव्हिजन म्हणजे अनेक रेजिमेंटांचा मोठा सैन्यविभाग) निम्म्याहून अधिक सैनिक नवशिके होते. त्यांना लोरेन प्रांतातील गाँद्रकूरच्या परिसरात ठेवून फ्रेंचांच्या ४७ व्या शासर (डोंगरी पायदळ) डिव्हिजनकडे शिकायला दिले गेले.

आखणी तीन महिन्यांची होती. पहिल्या महिन्यात हत्यारांची ओळख आणि छोट्या तुकड्यांचा सराव. दुसऱ्यात एकेका बटालियनने (रेजिमेंटच्या एका भागाने) शांत आघाडीवर फ्रेंच रेजिमेंटबरोबर प्रत्यक्ष खंदकात राहायचे. तिसऱ्यात तोफखाना आणि विमानांसह अख्ख्या डिव्हिजनचा सराव. शिकवण्याची फ्रेंच पद्धत साधी होती : आधी शासर करून दाखवत, मग अमेरिकन तेच करत. भाषेची अडचण त्यामुळे बरीच कमी झाली.

खोदकाम हा पहिला धडा. खंदक माणूस उभा झाकला जाईल इतका, म्हणजे साधारण दोन मीटर खोल. समोरच्या भिंतीच्या तळाशी गोळीबारासाठी पायरी, वर वाळूच्या पोत्यांचा बांध, तळाला पाणी साचू नये म्हणून फळ्या. खंदक कधीच सरळ रेषेत खणायचा नाही. थोड्या थोड्या अंतरावर मातीचा आडवा ठोकळा सोडून त्याला वळसा द्यायचा. त्यामुळे आत पडलेल्या गोळ्याच्या कपच्या एकाच कप्प्यात राहतात आणि आत घुसलेल्या शत्रूला एका टोकाहून सगळा खंदक झोडपता येत नाही. नवशिक्यांना हे वळसे म्हणजे फुकटची मेहनत वाटे.

हातबॉम्बच्या बाबतीत अमेरिकनांची सवयच आड आली. बेसबॉलवर वाढलेली मुले कोपरातून झटका देऊन फेकत. फ्रेंच एफ-१ बॉम्ब सुमारे ६०० ग्रॅमचा. असा फेकला की थोड्या वेळात खांदा-कोपर भरून येई. शिवाय अरुंद खंदकात मागे गेलेला हात भिंतीवर आपटून बॉम्ब पायाशीच पडण्याचा धोका, आणि वात जेमतेम पाच सेकंदांची. म्हणून हात ताठ ठेवून डोक्यावरून, बराचसा क्रिकेटच्या गोलंदाजासारखा फेकायला शिकवत. वळशांच्या खंदकात पुढे सरकताना संगीनवाले आघाडीला, त्यांच्या मागे फेकणारे, त्यांच्या मागे बॉम्ब पुरवणारे असा क्रम असे. अमेरिकेने स्वतः बनवलेला मार्क-१ बॉम्ब मात्र इतका किचकट होता की घाईत सैनिक तो सज्ज न करताच फेकत आणि शत्रू तोच परत फेकू शके. अखेर तो मागे घ्यावा लागला.

स्वयंचलित रायफल म्हणून फ्रेंचांची शोशा मिळाली. तिचे अर्धचंद्राकृती मॅगझिन २० गोळ्यांचे, पण किती गोळ्या उरल्या ते दिसावे म्हणून एका बाजूने उघडे. खंदकातला चिखल थेट त्यातून आत जाई आणि रायफल अडके. अमेरिकन काडतुसासाठी बनवलेली तिची आवृत्ती तर याहून वाईट : चेंबर (काडतूस बसण्याची जागा) नीट कापलेला नसल्याने रिकामे काडतूस बाहेरच येईना.

गॅस मास्कचा सराव सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत मोलाचा. श्वास रोखायचा, छातीवरच्या पिशवीतून ब्रिटिश मास्क काढायचा, चेहऱ्यावर चढवायचा, तोंडातली नळी दातांत धरायची, नाकाला चिमटा लावायचा; हे सगळे सहा सेकंदांत. लावण्यापेक्षा तो काढण्यातच चूक जास्त होई. काचा धुरकटत, जीव गुदमरे, म्हणून सैनिक तो लवकर उतरवत. कातडीवर फोड आणणाऱ्या मस्टर्ड गॅसचा परिणाम काही तासांनी दिसतो, त्यामुळे ‘काही झाले नाही’ असे वाटून फसगत होई. युद्धात अमेरिकेच्या एकूण हताहतांपैकी चौथाईहून अधिक, सुमारे ७०,००० सैनिक गॅसने बाधित झाले.

२१ ऑक्टोबर १९१७ पासून पहिल्या डिव्हिजनच्या चारही रेजिमेंटांतील एकेक बटालियन लुनेव्हिलजवळच्या खंदकांत दहा-दहा दिवस राहू लागली. ताबाबदल रात्री आणि आवाज न करता होई. २–३ नोव्हेंबरच्या रात्री १६ व्या इन्फंट्री रेजिमेंटची नवी बटालियन आत आली आणि काही तासांतच बातलेमाँ इथे जर्मनांनी छापा घातला. तोफांचा मारा तीन बाजूंनी करून त्यांनी एक प्लॅटून (लहान तुकडी) इतरांपासून तोडली, काटेरी तार उडवली आणि खंदकात उतरून कैदी पकडून नेले. ग्रेशॅम, एनराइट आणि मर्ल हे (Hay) असे तिघे सैनिक ठार झाले. लढाईत पडलेले हे पहिले अमेरिकन पायदळ सैनिक.

फ्रान्समधील अमेरिकन फौजेचे सेनापती पर्शिंग यांना मात्र खंदकाचे शिक्षण जास्त झाल्यास सैनिक बचावाला चटावेल, अशी धास्ती होती. त्यांचा भर रायफल, संगीन आणि मोकळ्या मैदानातील चढाईवर. फ्रेंच शिक्षकांना हे भाबडेपण वाटे, आणि मशीनगनपुढे ते पुष्कळदा खरेही ठरले. तरी खंदकातून बाहेर पडण्याची तयारी हवीच, हा पर्शिंग यांचा मुद्दा १९१८ मध्ये हालचालीचे युद्ध सुरू झाल्यावर अगदीच चुकीचा म्हणता येत नाही. दोन्ही शिकवणींचा मेळ उत्तम बसला तो फ्रान्समधील काँतिन्यी या गावी. २८ मे १९१८ च्या हल्ल्यापूर्वी २८ व्या इन्फंट्रीने पिछाडीला तशाच जमिनीवर तालीम केली होती आणि सोबत १२ फ्रेंच श्नायडर रणगाडे होते.

मार्च १९१८ च्या जर्मन आक्रमणानंतर प्रशिक्षणाचे वेळापत्रक आकसले. सप्टेंबरअखेर ईशान्य फ्रान्समध्ये म्यूझ-आर्गोनची लढाई पेटली, तेव्हा भरतीत आलेल्या बदली सैनिकांपैकी काहींनी तोवर रायफलची एक गोळीही झाडलेली नव्हती.