सरनाम्यातली ‘बंधुता’ आणि कोर्टाची पायरी

शाळेच्या परिपाठात रोज म्हटली जाणारी संविधानाची उद्देशिका (बोलताना आपण तिला सरनामा म्हणतो) मुळात ठराव होती. 13 डिसेंबर 1946 रोजी जवाहरलाल नेहरूंनी संविधान सभेत उद्दिष्टांचा ठराव मांडला. मुस्लीम लीग आणि संस्थाने सभेत येईपर्यंत थांबा, अशी उपसूचना मुकुंदराव जयकरांनी दिली. 17 तारखेला डॉ. आंबेडकर बोलले आणि त्यांनी नेमके वैगुण्य दाखवले: ठरावात हक्क आहेत, पण हक्क मोडला तर दाद मागायची सोय नाही. 22 जानेवारी 1947 रोजी ठराव मंजूर झाला.

न्याय, समता, स्वातंत्र्य हे सारे त्या ठरावात होते. ‘बंधुता’ मात्र नव्हती. फेब्रुवारी 1948 च्या मसुद्यात मसुदा समितीने ती घातली. मूळ ठरावात नसलेली ही भर जाणूनबुजून घातली आहे, कारण आज बंधुभावाची गरज कधी नव्हे इतकी आहे, असे समितीने कळवले. फाळणीला तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. उद्देशिकेतली सर्वांत मोलाची भर हीच, असे आम्हाला वाटते.

सरनामा पुस्तकात पहिला असला तरी सभेने तो कलमांनंतर, 17 ऑक्टोबर 1949 रोजी चर्चेला घेतला, म्हणजे तो मंजूर कलमांशी जुळावा. त्या दिवशी ह. वि. कामत यांची ‘ईश्वराच्या नावाने’ सुरुवात करण्याची सूचना 41 विरुद्ध 68 मतांनी फेटाळली गेली. सुरुवात ‘आम्ही, भारताचे लोक’ अशीच राहिली आणि शेवटी संविधान ‘स्वतःप्रत अर्पण’ झाले.

इथे नागरिकांची एक गफलत होते. नुसत्या उद्देशिकेवर बोट ठेवून कोर्टात दावा टिकत नाही. ‘दर्जाची व संधीची समानता’ हवी तर कलम 14 ते 18, अभिव्यक्तीसाठी 19, उपासनेसाठी 25 सांगावे लागते. दाद मागायची ती कलम 32 खाली सर्वोच्च न्यायालयात किंवा 226 खाली उच्च न्यायालयात. आंबेडकरांनी 1946 मध्ये दाखवलेली उणीव भरून निघाली ती या कलम 32 ने. त्याला ते पुढे संविधानाचा आत्मा म्हणाले.

मग उद्देशिकेचा उपयोग काय? कलमाचा अर्थ संदिग्ध असला की न्यायालय तिच्याकडे वळते. 1960 च्या बेरुबारी प्रकरणात ती संविधानाचा भाग नाही असे सर्वोच्च न्यायालयाचे मत आले होते. 1973 च्या केशवानंद भारती निकालाने ते मागे पडले. 42 व्या घटनादुरुस्तीने ‘समाजवादी’, ‘धर्मनिरपेक्ष’ आणि ‘एकात्मता’ हे शब्द आले, ते 3 जानेवारी 1977 पासून लागू झाले. उद्देशिकेतली तारीख मात्र 26 नोव्हेंबर 1949 हीच आहे. या विसंगतीवर बोट ठेवणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये फेटाळल्या: कलम 368 चा दुरुस्तीचा अधिकार उद्देशिकेलाही लागू आहे.