पीटर द ला मेअर आणि महाभियोगाचा उगम

भारताच्या राज्यघटनेतील कलम ६१ मध्ये राष्ट्रपतींवरील महाभियोगाची तरतूद आहे. वॉरन हेस्टिंग्जवर ब्रिटिश संसदेत १७८८ ते १७९५ अशी सात वर्षे खटला चालला, तोही महाभियोगच. या हत्याराचा पहिला वापर झाला १३७६ साली वेस्टमिन्स्टरमध्ये, आणि तो करणाऱ्यांचा म्होरक्या होता हेरफर्डशायरचा प्रतिनिधी सर पीटर द ला मेअर.

पीटर मोठा उमराव नव्हता. मार्चचा अर्ल एडमंड मॉर्टिमर याचा तो कारभारी. मॉर्टिमरची पत्नी तिसऱ्या एडवर्ड राजाची नात होती, त्यामुळे राजपुत्र जॉन ऑफ गाँट याचे वाढते वजन त्या घराण्याला खुपत होते. पीटरच्या धाडसामागे मालकाचे हे पाठबळ होते, हे मान्य करायलाच हवे. तरी पुढे तुरुंगात गेला तो पीटर, मालक नव्हे.

राजा थकला होता आणि थोरला मुलगा ब्लॅक प्रिन्स मरणपंथाला लागला होता. फ्रान्समधला बहुतेक मुलूख हातचा गेला होता. दरबारात लॉर्ड लॅटिमर, लंडनचा व्यापारी रिचर्ड लायन्स आणि राजाची प्रेयसी अ‍ॅलिस पेरर्स यांचा शब्द चाले. अशा वेळी, अडीच वर्षांच्या खंडानंतर, २८ एप्रिल १३७६ रोजी संसद भरली आणि सरकारने नेहमीप्रमाणे कर मागितला.

सामान्य प्रतिनिधी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीच्या अष्टकोनी सभागृहात जमले. तिथे पीटर इतका मुद्देसूद बोलला की सर्वांनी त्यालाच आपला प्रवक्ता नेमले. उमरावांसमोर जायची वेळ आली तेव्हा काही सहकाऱ्यांना दारातच अडवले गेले. सगळे आत आल्याशिवाय मी बोलणार नाही, असे पीटरने थकलेल्या राजाच्या वतीने तिथे बसलेल्या गाँटला बजावले. शेवटी बाकीच्यांना आत घ्यावे लागले. मला हा प्रसंग सगळ्या कारकिर्दीचा गाभा वाटतो. एकट्या माणसाला धमकावता येते, विकत घेता येते. सभेच्या वतीने बोलणाऱ्याला तसे करणे अवघड असते, हे त्याने नेमके ओळखले होते.

मग आरोप आले. इंग्लंडची लोकर कॅले बंदरातल्या ठरलेल्या पेठेतूनच परदेशी जावी, हा नियम दरबारी मंडळींनी परवाने विकून मोडला होता. राजाला २०,००० मार्कांचे (मार्क हे तेव्हाचे पैशाच्या हिशेबाचे एकक) कर्ज देऊन ३०,००० वसूल केले गेले होते. माझ्यावर आरोप करणारा नेमका कोण, असे लॅटिमरने विचारले. पीटरने आणि प्रतिनिधींनी उत्तर दिले की हे आरोप आम्हा सर्वांचे मिळून आहेत. महाभियोगाची पद्धत या उत्तरातून जन्मली: तोवर फिर्याद करणारी व्यक्ती लागायची, आता फिर्यादी झाले सभागृह आणि न्यायनिवाडा उमरावांकडे गेला. लॅटिमर आणि लायन्स दोषी ठरले, पेरर्सला दरबारातून घालवले गेले. थेट कर तर मंजूर झालाच नाही. लोकांनी या संसदेला ‘गुड पार्लमेंट’ म्हटले.

पण ८ जूनला ब्लॅक प्रिन्स वारला आणि १० जुलैला संसद संपताच गाँटने सगळे फिरवले. लॅटिमर परतला, पेरर्स परतली, आणि पीटरला नॉटिंगहॅमच्या किल्ल्यात कोंडले गेले. जानेवारी १३७७ च्या संसदेत गाँटचाच कारभारी सर टॉमस हंगरफर्ड प्रवक्ता झाला. संसदेच्या दप्तरात ‘स्पीकर’ म्हणून पहिली नोंद त्याची आहे, ज्याने ती भूमिका घडवली त्याची नाही. याच संसदेने चौदा वर्षांवरील प्रत्येकावर चार पेनींचा डोईपट्टी कर बसवला.

२१ जून १३७७ रोजी एडवर्ड गेला. दहा वर्षांचा दुसरा रिचर्ड गादीवर येताच पीटरची सुटका झाली, आणि ऑक्टोबरच्या संसदेत तोच पुन्हा प्रवक्ता निवडला गेला. त्या संसदेत पेरर्सवर खटला चालून ती दोषी ठरली. शिवाय युद्धासाठी दिलेला पैसा युद्धावरच खर्च व्हावा म्हणून विल्यम वॉलवर्थ आणि जॉन फिलपॉट या लंडनच्या दोन व्यापाऱ्यांना खास खजिनदार नेमण्यात आले.