दाढ ठणकेपर्यंत माणूस का थांबतो?

सरकारी दवाखान्यात तातडीच्या दंतोपचारासाठी येणारे बहुतेक जण दुखणं असह्य झालं म्हणून येतात. ठणका काल रात्रीचा असतो, पण कीड कित्येक महिन्यांची, कधी वर्षांची असते. मधल्या काळात काय घडलं, हे पाहायला हवं.

माणसं आरोग्यसेवा कधी वापरतात, याची कारणं अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रोनाल्ड अँडरसन यांनी १९६८ मध्ये तीन गटांत मांडली. वय, शिक्षण, समजुती यांतून घडलेली वृत्ती हा पहिला गट. पैसा आणि सोय हा दुसरा. प्रत्यक्ष गरज हा तिसरा. दातांच्या बाबतीत मला दुसरा गट सर्वांत भारी वाटतो. अनेक देशांत सार्वजनिक आरोग्य विम्यातून दातांचे उपचार पूर्ण किंवा बरेचसे वगळलेले असतात. रोजंदारीवरच्या माणसाला तपासणीसाठी दिवस मोडणं परवडत नाही. त्यात भीतीची भर पडते. भीतीने टाळाटाळ होते, कीड खोल जाते, उपचार अधिक त्रासाचा होतो आणि भीती आणखी पक्की होते.

दात स्वतःही फसवतो. कीड दाताच्या आतल्या मगजापर्यंत, म्हणजे नसा आणि रक्तवाहिन्या असलेल्या मऊ गाभ्यापर्यंत पोचली की तिथे सूज येते. भोवतीचं कवच कठीण असल्याने सुजेला पसरायला जागा नसते, म्हणून कळा येतात. आडवं झाल्यावर डोक्याकडचा रक्तदाब वाढतो आणि रात्री दुखणं बळावतं. पुढे मगज मरतो, कळा थांबतात. ‘बरं वाटलं’ म्हणून माणूस ठरलेली भेट रद्द करतो, आणि नेमका तेव्हाच जंतुसंसर्ग मुळाच्या टोकाकडे सरकत असतो.

जिथे दंतवैद्य नाही अशा आपत्कालीन विभागात बहुधा वेदनाशामक आणि प्रतिजैविकं मिळतात. मगजाची सूज प्रतिजैविकांनी बरी होत नाही, त्यामुळे तोच रुग्ण पुन्हा येतो. दंतवैद्य असला तरी रूट कॅनलला अनेकदा एकाहून जास्त खेपा लागतात, दात काढणं एका खेपेत उरकतं. वाचू शकणारे कितीतरी दात केवळ एवढ्यासाठी जातात, हे मला फार खटकतं. म्हणून तातडीच्या खिडकीवरच पुढच्या उपचाराची तारीख, तीही कामाच्या वेळेबाहेरची, मिळायला हवी.

मात्र सूज मानेकडे उतरत असेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर दंतवैद्याची वेळ मिळण्याची वाट पाहू नये. थेट मोठ्या रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठावा.