पातं झिजत नाही, तुटतं

एकसष्टीला मुलीने मला सेफ्टी रेझर भेट दिला. अखंड स्टेनलेस स्टीलमधून मशिनवर कोरून काढलेला, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर १०८ ग्रॅम भरणारा. किंमत तिने सांगितली नाही, पण बिल खोक्यातच राहिलं होतं. साडेसात हजार. बायकोने आकडा दोनदा वाचला, रेझर फिरवून उघडला, आतलं पातं चिमटीत धरलं आणि म्हणाली, "अहो, पण पातं तर तेच ना, तीन रुपयांचं?"

पातं तेच. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळणारं, दोन्ही बाजूंनी धारेचं. सलूनवाला कागदासकट मधोमध वाकवून जे कटकन मोडतो आणि त्यातलं अर्धं वस्तऱ्यात अडकवतो, तेच. (ते वाकून तसंच राहत नाही, मोडतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) मग साडेसात हजार कशाचे? माझी सगळी नोकरी हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे धातू तापवून-थंड करून हवा तसा कठीण करण्याच्या भट्ट्यांपाशी गेली, त्यामुळे पोलादाचा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही. महिनाभर याच प्रश्नाच्या मागे होतो.

आधी अनुभव सांगून टाकतो. पहिल्या दिवशी हनुवटीखाली तीन ठिकाणी कापून घेतलं. चूक माझीच. कार्ट्रिजच्या रेझरचं डोकं हलतं, तुम्ही कसाही दाबा, ते कोन सांभाळून घेतं. इथे डोकं पक्कं. पातं आणि त्वचा यांच्यातला साधारण तीस अंशांचा कोन आपल्या मनगटाने धरायचा आणि दाब अजिबात द्यायचा नाही, वजनाला आपोआप उतरू द्यायचं. वीस वर्षांची दाबायची सवय एका दिवसात जात नाही. नंतर तुरटीचा खडा फिरवला तेव्हा कुठे कुठे चुकलो ते एकेक ठिकाण बोललं. आठवड्याभरात हात बसला. दाढी आता सलूनमध्ये व्हायची तितकीच गुळगुळीत होते, त्याहून जास्त नाही. पण गळ्यावर उठणारं लाल पुरळ थांबलं, आणि हे मला साडेसात हजारांच्या निदान निम्म्या किमतीचं वाटतं.

आता उत्तराचा पहिला भाग. हे पातं ०.१ मिलिमीटर जाड असतं, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाइतकं. एवढा पातळ पत्रा सपाट धरून त्याच्या कडेने काही कापायला गेलात तर तो थरथरतो. म्हणून रेझरमध्ये पातं सपाट बसवतच नाहीत. वरची टोपी आवळली की ते कमानीसारखं वाकतं. पन्हळी पत्र्याची गंमत हीच आहे: एका दिशेने वाक दिला की दुसऱ्या दिशेने तो वाकायला तयार होत नाही. पातं रुंदीत वाकलं की लांबीत ताठ होतं.

तरी टोपीच्या बाहेर डोकावणारी कड उरतेच. ती म्हणजे भिंतीतून बाहेर आलेल्या सज्जासारखी, एका बाजूने धरलेली, दुसरी मोकळी. अशा सज्जाच्या टोकावर जोर आला की तो किती लवेल, हे बाहेर आलेल्या लांबीच्या घनावर ठरतं. लांबी निम्मी केली तर लवणं निम्मं होत नाही, आठव्या हिश्श्यावर येतं. स्वस्तातल्या ओतीव जस्ताच्या रेझरमध्ये टोपीची कड पात्यावर सगळीकडे सारखी टेकत नाही, कुठे धारेपासून एक मिलिमीटरवर, कुठे दीड. चांगल्या रेझरमध्ये ती धारेच्या जवळ आणि एका रेषेत टेकते. बायकोला मी एवढंच सांगितलं की पैसे पात्याचे नाहीत, पातं धरण्याचे आहेत. तिचं समाधान झालं नाही, पण तिने विषय सोडला.

मी सोडला नाही, कारण खरी गंमत पुढे आहे. पातं आठ-दहा दाढ्यांत निकामी का होतं? कोणालाही विचारा, उत्तर येईल, "घासून घासून धार झिजते." दगडी जिना पावलांनी झिजतो तशी. पण केस काही दगड नव्हे. पात्याचं पोलाद केसापेक्षा सुमारे ५० पट कठीण असतं. मऊ वस्तूने कठीण वस्तू आठवड्यात गुळगुळीत करावी, हे बुद्धीला पटत नाही.

२०२० च्या ऑगस्टमध्ये 'सायन्स' या नियतकालिकात यावर एक शोधनिबंध आला. जानलुका रोस्चोली, मोहदेसे ताहेरी-मुसावी आणि जेम तासान हे तिघे एमआयटीचे. (कोथरूडची नव्हे, अमेरिकेतल्या केंब्रिजची.) रोस्चोलीने स्वतःची दाढी करावी आणि दर वेळी रेझर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नेऊन पाहावा, असा प्रयोगाचा आरंभ. धार झिजून गोलसर झालेली दिसेल अशी अपेक्षा होती. दिसल्या त्या खाचा. धारेचे कपचे उडालेले होते, केसाच्या जाडीच्या साधारण दहाव्या भागाएवढे. मग त्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या आतच एक छोटं यंत्र बसवलं, त्यात केस धरून पात्याने कापले आणि त्याचं चित्रण केलं. पातं केसाला काटकोनात भिडलं तर काही होत नव्हतं. केसाला वाकायला मोकळीक मिळाली की कपचा उडे. आणि तोही केसाच्या बरोबर मध्याखाली नाही. केसाची कड धारेवर जिथे टेकते, तिथे.

कडेलाच का? कागदाचं एक पान घ्या. वरची कड दोन्ही हातांच्या चिमटीत शेजारी शेजारी धरा. एक चिमूट पुढे ढकला, दुसरी मागे. पान कुठे फाटतं? दोन चिमट्यांच्या मधल्या सीमेवर. पात्याचंही तसंच होतं. वाकलेला केस धारेचा छोटा तुकडा बाजूला रेटतो. केसाच्या खाली आहे तेवढी धार रेटली जाते, शेजारची जागेवर उभी असते. या दोघींच्या सीमेवर पोलाद फाटू पाहतं. धारेचं टोक मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही बारीक असतं, म्हणजे रेटा लहान असला तरी तो पेलणारं पोलाद नावालाच असतं.

पण एवढ्यानेही ते फाटत नाही. तिसरी अट लागते, आणि ती माझ्या आवडीची आहे. लोहार कोयता लालबुंद तापवून पाण्यात घालतो, त्याला आपण पाणी पाजणं म्हणतो. तापलेल्या लोखंडाच्या अणूंच्या जाळीत कार्बनला मावायला जागा असते. एकदम थंड केलं की जाळी आकार बदलते आणि कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आत अडकतो, जाळी ताणलेली राहते. या अडकलेल्या, ताणलेल्या रचनेला जर्मन धातुशास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्सच्या नावावरून मार्टेन्साइट म्हणतात. पोलादाचा कठीणपणा तिथून येतो आणि ठिसूळपणाही. सलूनवाल्याचा 'कटकन' आठवा. दाढीच्या पात्यात साधारण १३ टक्के क्रोमियम आणि ०.६ ते ०.७ टक्के कार्बन असतो. १००० अंशांच्या वर तापवून ते विझवतात, मग शून्याखाली नेतात, कारण विझवल्यावरही तापलेल्या अवस्थेतल्या जुन्या रचनेचा थोडा भाग न बदलता मागे राहतो आणि तो मऊ असतो. शेवटी हलकीशी ऊब देऊन ठिसूळपणा थोडा उतरवतात.

इतकं करूनही पोलाद एकजिनसी होत नाही. मार्टेन्साइटच्या काड्या वेगवेगळ्या दिशांना झोपलेल्या, मधे क्रोमियम कार्बाइडचे (क्रोमियम आणि कार्बन मिळून झालेले) कठीण कण, कुठे उरलेली मऊ जुनी रचना. चिक्की डोळ्यांपुढे आणा. गूळ एक, शेंगदाणा दुसरा, आणि मोडताना ती त्या दोघांच्या सांध्यातून मोडते. पूर्ण पात्याला याने फरक पडत नाही, पण धारेच्या टोकाशी एकेक दाणाच धारेइतका मोठा असतो. तेव्हा योग असा जुळावा लागतो: केस वाकलेला, त्याची कड धारेवर टेकलेली, आणि नेमका त्याच ठिकाणी मऊ-कठीणाचा सांधा. मग तिथे ताण इतका एकवटतो की ५० पट मऊ केस पोलादाचा कपचा पाडतो. एका दाढीत हजारो केस कापले जातात. योग जुळतोच.

ज्यांना हा परिच्छेद जड गेला त्यांनी चिक्कीवर समाधान मानावं.

मला हे डोळ्यांनी बघायचं होतं. भोसरीत एका मित्राचं हीट ट्रीटमेंटचं छोटं युनिट आहे, तिथे धातू तपासायचा सूक्ष्मदर्शक आहे. नऊ दाढ्या झालेलं पातं आगपेटीत घालून नेलं. ५०० पटींवर धार बरीचशी सरळ दिसत होती, आणि अधूनमधून पापडाला मुलाने चावा घ्यावा तशी अर्धगोल खाच. मित्राने आयपीसला डोळा लावला, बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "हा माल आमच्याकडून गेला असता तर गिऱ्हाइकाने परत पाठवला असता."

योगायोग असा की हे पातं जन्मालाही एमआयटीवाल्यानेच घातलं. किंग जिलेट या अमेरिकी विक्रेत्याला फेकून द्यायच्या पात्याची कल्पना सुचली, पण इतक्या पातळ पत्र्याला पाणी पाजून धार लावता येत नाही, असं जाणकार त्याला सांगत होते. विल्यम निकरसन या एमआयटीच्या पदवीधराने ती रीत बसवली. १९०३ मध्ये विकले गेले ५१ रेझर आणि १६८ पाती. पेटंट १९०४ चं.

मग दाढी करणाऱ्याने काय करावं? त्वचा ताणून धरावी, म्हणजे केस ताठ उभा राहतो. चार दिवसांची खुंटं वाढू देऊ नयेत, लांब केस जास्त वाकतो. हे माझं अनुमान आहे, निबंधातलं नाही. आणि केस भिजवावा. केस ज्या प्रथिनाचा बनतो त्या केराटिनच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधणारे हायड्रोजन बंध पाणी सोडवतं, केस वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी पितो आणि बराच मऊ होतो. चोखंदळ वाचक इथे हात वर करेल: मऊ केस तर जास्त वाकेल, मग खाचा वाढणार नाहीत? प्रश्न रास्त आहे. पण मऊ केस धारेला रेटतोही कमी, आणि वाकून उलटा रेटा देण्याआधीच कापला जातो. मी दोन-तीन मिनिटं भिजवतो.

इथे पुण्याचं पाणी आडवं येतं. महापालिकेचं खडकवासल्याचं पाणी मऊ आहे, ब्रश चार वेळा फिरवला की फेस येतो. एप्रिल-मेमध्ये सोसायटीत टँकर येतो, बोअरवेलच्या पाण्याचा. आपल्या काळ्या पाषाणातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असतं, ते साबणाशी मिळून न विरघळणारा साका होतो आणि ब्रशवर दही विरजल्यासारखं काहीतरी दिसतं. फेसाचं काम केसाला पाणी धरून ठेवायचं. फेसच नसेल तर केस वाळतो. उन्हाळ्यात मी दाढीपुरतं तांब्याभर पाणी फिल्टरचं घेतो. यावरही घरात बोलणं झालं आहे.

दाढी केल्याने केस राठ येतात हा समज १९२८ मध्येच मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी मोजमापं घेऊन खोडला होता, त्यावर जास्त लिहीत नाही. पाच-पाच पात्यांच्या जाहिरातींवरही नाही.

पिरॅमिडवर मात्र लिहायला हवं. प्राग शहरातल्या कारेल ड्रबल नावाच्या रेडिओ इंजिनियरने पुठ्ठ्याच्या पिरॅमिडखाली पातं ठेवलं की धार टिकते, असा दावा केला आणि १९५९ मध्ये चेकोस्लोव्हाकियाचं पेटंटही मिळवलं, क्रमांक ९१३०४. पेटंट मिळालं म्हणजे दावा खरा ठरला, असं मानणारे लोक आहेत. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ त्यांपैकी. वास्तुदोषासाठी आणलेला पिरॅमिड त्यांच्याकडे जास्तीचा होता. "पात्यातले स्फटिक पुन्हा जुळतात," असं सांगत त्यांनी तो माझ्या हातात ठेवला. मी म्हटलं, अहो, उडालेला कपचा बेसिनच्या मोरीतून केव्हाच मुठेला लागला, तो परत कसा जुळेल? त्यावर ते म्हणाले, "करून तर बघा."

करून बघितलं. तेच नऊ दाढ्यांचं पातं, आठ दिवस, कड उत्तर-दक्षिण. पुन्हा भोसरी, तोच सूक्ष्मदर्शक, मित्राने आधी काढून ठेवलेला तोच फोटो शेजारी. पात्यावरच्या छापील अक्षरांपासून डावीकडची मोठी खाच शोधली. जागेवर होती, आकारही तोच. तिच्यात आता पुठ्ठ्याचा एक धागा अडकला होता.