कण्याचे स्क्रू-स्थिरीकरण

मोडलेल्या मणक्याच्या वरच्या आणि खालच्या धडधाकट मणक्यांत पाठीमागून धातूचे स्क्रू बसवून ते दोन उभ्या रॉडांना जोडण्याची शस्त्रक्रिया. लोक ‘कण्यात रॉड घातला’ म्हणतात. पण रॉड क्वचितच दगा देतो. सारे अवलंबून असते ते स्क्रूने हाडात धरलेल्या पकडीवर.

कोकणात हा विषय झाडाखालून सुरू होतो. आंबेकाढणीत फांदी मोडते, माडावरून किंवा पोफळीवरून पाय सुटतो. माणूस पायांवर वा बुडावर आदळला की धक्का कण्यातून वर चढतो. टाचेचे हाड मोडून आलेल्याची कंबर डॉक्टर आवर्जून तपासतात ते यामुळेच. छातीचे मणके बरगड्यांच्या पिंजऱ्यात ताठ बांधलेले, कमरेचे मोकळे. या दोहोंच्या सांध्यावर, म्हणजे छातीचा बारावा आणि कमरेचा पहिला मणका इथे, मोड सर्वाधिक आढळते. मज्जारज्जूही साधारण याच पातळीवर संपतो. त्यामुळे चिरडलेल्या मणक्याचा तुकडा मागे सरकला तर पाय आणि लघवी-शौचावरचा ताबा धोक्यात येतो. अशा माणसाला चादरीच्या झोळीत दुमडून किंवा दुचाकीवर मध्ये बसवून नेणे घातक. फळी नसेल तर दाराचे पान काढावे आणि अंग न वळवता तीन-चार जणांनी त्यावर एकसंध सरकवावे.

कोणती मोड अस्थिर मानायची, याचा प्रचलित विचार फ्रान्सिस डेनिस यांनी 1983 मध्ये मांडला: कण्याचे पुढचा, मधला आणि मागचा असे तीन स्तंभ कल्पायचे, यांपैकी दोन ढासळले तर कणा स्वतःच्या बळावर उभा राहील असे धरता येत नाही. मणक्याच्या मागच्या कमानीला पुढच्या ठोकळ्याशी जोडणारा हाडाचा जाड देठ म्हणजे पेडिकल. त्यातून स्क्रू पुढे नेला की तिन्ही स्तंभ एकाच पकडीत येतात. फ्रेंच शल्यविशारद रेमंड रॉय-कामीय यांनी 1963 पासून ही पद्धत वापरात आणली. त्याआधी वापरल्या जाणाऱ्या हॅरिंग्टन रॉडचे हूक फक्त मागच्या कमानीत अडकत.

कमरेच्या मणक्यांसाठी स्क्रू साधारण 5.5 ते 6.5 मिलिमीटर जाड आणि 40 ते 45 मिलिमीटर लांब असतो. पकडीचा मोठा वाटा पेडिकलच्या अरुंद, टणक भागातून येतो. ठोकळ्यातले हाड जाळीदार. म्हणून लांबी वाढवण्यापेक्षा पेडिकलमध्ये मावेल तितकी जाडी घेणे फायद्याचे. दोन्ही बाजूंचे स्क्रू टोकाशी जवळ येतील असे तिरके बसवले तर उपटायला अधिक कठीण जातात.

पण उपटण्याची ताकद मोजणे हे प्रयोगशाळेचे काम. पाठीत स्क्रू सहसा उपटून निघत नाही. पावसाळ्यात वईची, म्हणजे कुंपणाची, मेढ कोणी ओढून काढत नाही. वाऱ्याने डुलून डुलून तिच्या भोवतीची माती सैल होते. स्क्रूचेही तसेच. उठणे, बसणे, वाकणे यांतून तो हजारो वेळा वर-खाली झुकतो आणि भोक रुंदावते. हाड ठिसूळ असेल, उदाहरणार्थ शेवाळलेल्या खळ्यात घसरून पडलेल्या आजीचे, तर हे लवकर घडते. तिथे स्क्रूभोवती हाडाचे सिमेंट भरतात किंवा आणखी मणके धरतात.

रॉडचे गणित सोपे आहे. वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, 5.5 ऐवजी 6 मिलिमीटरचा रॉड त्याच धातूत सुमारे 40 टक्के ताठ. पिळाला मात्र नुसते दोन उभे रॉड कमी पडतात. माटवाला आडवा वासा लागतो, तशी दोन रॉडांमध्ये आडवी पट्टी घालतात. टायटॅनियमचा मिश्रधातू पोलादापेक्षा लवचिक, आणि एमआरआयमध्ये चित्र कमी बिघडवतो.

वर एक आणि खाली एक मणका धरला, तर चार स्क्रूंत काम भागते आणि कमरेची हालचाल वाचते. धोका असा की पुढचा ठोकळा फार चुरडला असेल तर भार घ्यायला पुढे काही उरत नाही आणि स्क्रू वाकतो किंवा तुटतो. मॅककॉर्मक आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये यासाठी गुणांकन दिले: चुरा किती, तुकडे किती पांगले, बाक किती सुधारावा लागला, प्रत्येकी 1 ते 3 गुण. बेरीज 7 किंवा जास्त आली तर मागून केलेल्या आखूड बांधणीवर भिस्त ठेवू नये, पुढून आधार द्यावा, असे त्यांचे म्हणणे. मोडलेल्या मणक्याचे पेडिकल शाबूत असेल तर त्यातही स्क्रू घालून बांधणी ताठ करता येते.

हे सारे हाड जुळेपर्यंतची उसनवारी आहे. धातूला थकवा येतो, जुळलेल्या हाडाला तसा येत नाही. एप्रिल-मेमध्ये आंब्यावरून पडलेला माणूस जुलैत दुखणे विसरून लावणीला उतरू पाहतो. तेव्हा शस्त्रक्रियेला दोन-तीन महिनेच झालेले असतात, हाड अर्धवट जुळलेले असते आणि चिखलात वाकून रोवलेल्या भातरोपांच्या प्रत्येक आव्यामागे स्क्रूच्या मानेवर एक झोका पडतो.